संथ फायलींची चौकशी



कामगार संघटनेत उभे आयुष्य घालवलेल्या माणसाने संगणकाच्या जाळ्यावर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. मजजवळ या विषयाची पदवी नाही; खरे सांगायचे तर कोणत्याच विषयाची नाही. जे थोडेफार कळते ते पुस्तके वाचून, यंत्रे उघडून आणि जाणत्यांना प्रश्न विचारून मिळवलेले आहे. तरीही हा विषय मी मागून घेतला, याला कारण आहे. गिरण्यांतून आणि कारखान्यांतून निवृत्त झालेल्या माणसांच्या तोंडच्या हकिगती आम्ही काही मंडळी फोनच्या कॅमेऱ्यात टिपून ठेवीत असतो. मुंबईच्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. त्या दिवशी पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीला टेकला आहे. त्याचे बोलणे फोनमध्ये आहे. ते घरच्या सर्व्हरवर उतरवून घ्यायचे आहे. आणि ते उतरायला इतका वेळ लागतो की, ‘रविवारी बघू’ म्हणून काम पुढे ढकलले जाते. मध्यंतरी फोन पडतो, चोरीस जातो, किंवा जागा उरली नाही म्हणून नातू त्यातील चार चित्रफिती पुसून टाकतो. ज्याचे बोलणे होते तो माणूसही तोवर राहत नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी लग्नाच्या, बारशाच्या, आजीच्या ओव्यांच्या बाबतीत हेच घडत असेल.

प्रथम हा सर्व्हर म्हणजे काय ते सांगतो. घरातील एखादा जुना संगणक, किंवा दोन-चार डिस्क बसणारी तयार पेटी, किंवा पत्त्यांच्या जोडाएवढा छोटा संगणक, यांपैकी काहीतरी अहोरात्र चालू ठेवतात. चित्रपट, गाणी, छायाचित्रे सगळी त्यात साठवतात आणि दिवाणखान्यातला दूरदर्शन संच, मुलांचे फोन, आतल्या खोलीतला लॅपटॉप हे सारे त्याच्याकडून हवे ते मागून घेतात. थोडक्यात ते घरचे कोठार. कोठारातून काढणे सहसा अडत नाही, कारण एक चित्रपट पाहायला फारसा वेग लागत नाही. अडते ते भरताना. साठ गिगाबाइटचे लग्नाचे चित्रण उतरवायला कोणाच्या घरी नऊ मिनिटे लागतात, कोणाच्या घरी दीड तास, आणि कोणाच्या घरी चार तासांहून अधिक. यंत्रे मात्र बहुधा सारख्याच किमतीची असतात.

मग दोष कोणाचा? येथे मला माझ्या धंद्यातला अनुभव उपयोगी पडतो. कामगारावर ‘कामात मंदगती केली’ असा ठपका आला की आम्ही पहिली मागणी करतो ती खात्याखात्याच्या चौकशीची. मागावर बसलेल्या माणसाचे कापड कमी निघाले, हे खरे असेल. पण ताण्याचे बीम त्याला वेळेवर मिळाले होते काय? सूत तुटके होते काय? वीज किती तास नव्हती? साखळीतील जे खाते सर्वांत मागे, त्याच्याच चालीने कापड बाहेर पडते; पुढच्या खात्याला कितीही दटावले तरी एक वारही वाढत नाही. फाइलचा प्रवास तसाच आहे. ती लॅपटॉपच्या डिस्कवरून उचलली जाते, हवेतून वा तारेतून राउटरकडे जाते, तेथून दुसऱ्या तारेने सर्व्हरकडे येते, सर्व्हरचा प्रोसेसर तिची नोंद करतो आणि शेवटी ती त्याच्या डिस्कवर लिहिली जाते. या पाच-सहा ठाण्यांपैकी एक जरी लंगडे असले तरी सगळी वरात त्याच्याबरोबर लंगडते. आणि लोक काय करतात? जो डोळ्यांसमोर आहे त्या सर्व्हरला दोषी ठरवून नवा विकत आणतात.

दुसरा खोटा आरोपी म्हणजे इंटरनेटची जोडणी. फायली हळू जातात म्हणून शंभरची योजना सोडून तीनशेची घेणारी माणसे मला भेटली आहेत. दरमहा जास्त पैसे जातात आणि फायली होत्या त्याच चालीने रांगतात. कारण उघड आहे. आतल्या खोलीतून दिवाणखान्यात जाणारी फाइल घराबाहेर पडतच नाही. स्वयंपाकघरातून माजघरात पाट न्यायचा तर गल्लीचा रस्ता रुंद असून काय उपयोग? इंटरनेटची तार राउटरमधून काढून टाकली तरी घरातल्या घरात फायली तितक्याच वेगाने जातील. हा प्रयोग कोणीही पाच मिनिटांत करून पाहावा. बाहेरगावाहून आपल्या सर्व्हरवर काही पाठवायचे असेल तरच त्या योजनेचा संबंध येतो.

आता हिशेबाकडे वळू, कारण पुष्कळ घोटाळा एककांचा आहे. जाळ्याचा वेग सांगतात तो बिटांत आणि फाइलचा आकार सांगतात तो बाइटांत. आठ बिटांचा एक बाइट. ‘शंभर मेगाबिट’ म्हटले की साध्या माणसाला वाटते, शंभर मेगाबाइटची फाइल एका सेकंदात जाईल. वास्तविक शंभराला आठाने भागले पाहिजे, म्हणजे साडेबारा. त्यातूनही प्रत्येक पुडक्याबरोबर पत्ता, तपासणीचा आकडा आणि दोन पुडक्यांमधली मोकळी जागा यांचा खर्च वजा होतो. हातात पडतात अकरा, फार तर पावणेबारा मेगाबाइट. हजार मेगाबिटच्या, म्हणजे गिगाबिटच्या तारेवर याच न्यायाने सव्वाशे येतात आणि हातात एकशे दहा ते एकशे अठरा पडतात. पगारपत्रकावरचा आकडा आणि पाकिटातला आकडा यांत फरक असतो, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. फरक किती असावा हे मात्र माहीत असले पाहिजे, नाही तर कपात वाजवी की गैरवाजवी ते कळणार कसे?

हे आकडे मी मुद्दाम सांगितले, कारण फाइल जाताना पडद्यावर जो वेग दिसतो तोच पुष्कळदा गुन्हेगाराचे नाव सांगून टाकतो. वेग अकराच्या आसपास खिळलेला असेल, वरही जात नाही आणि खालीही येत नाही, तर पुढे काही विचारू नका. वाटेत कोठेतरी जोडणी शंभर मेगाबिटची आहे. एका निवृत्त वाहनचालकाच्या घरी असेच झाले. दुकानदाराच्या सल्ल्याने त्यांनी नवा सर्व्हर घेतला, त्यात नव्या डिस्क घातल्या. वेग आधी अकरा होता, नंतरही अकराच. दोन्ही यंत्रे गिगाबिटची, राउटर गिगाबिटचा. मग उरली ती भिंतीतली तार.

या तारेची रचना समजून घेण्यासारखी आहे. जाळ्याच्या केबलमध्ये एकमेकींना पीळ दिलेल्या तारांच्या चार जोड्या, म्हणजे आठ तारा असतात. १९९५ साली जो शंभर मेगाबिटचा प्रघात ठरला त्याला त्यांपैकी दोनच जोड्या लागतात. १९९९ साली तांब्याच्या तारेवरील गिगाबिटचा प्रघात ठरला, त्याला मात्र चारही जोड्या हव्यात. साहजिकच जुन्या काळी काही कारागिरांनी एकच केबल घालून तिच्या दोन जोड्या एका खोलीला आणि दोन जोड्या दुसरीला दिल्या. तेव्हा ते चालून गेले. आज त्याच तारेच्या दोन टोकांना गिगाबिटची यंत्रे लावली की ती आपसात बोलणी करतात, चारही जोड्या धड नाहीत असे आढळते, आणि बहुतेक यंत्रे गुपचूप शंभरावर तडजोड करतात. कोठेही तक्रार नाही, लाल दिवा नाही. टोकाच्या प्लगमध्ये आठांतली एक तार नीट दाबली गेली नसली किंवा उंदराने एक कुरतडली तरी परिणाम तोच. त्या गृहस्थांच्या घरी भिंतीबाहेरून दहा मीटरची चांगली केबल टाकून पाहिली. वेग एकशे दहावर गेला. नव्या सर्व्हरच्या किमतीच्या मानाने केबलचा खर्च चहापाण्याइतका होता. जोडणी किती मेगाबिटची झाली आहे हे विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘लिंक स्पीड’ या नावाने लिहिलेले असते. ते एकदा वाचले असते, तर सर्व्हर घेण्याचा प्रसंगच आला नसता. केबल घेताना वेष्टनावर ‘कॅट ५ ई’ किंवा त्याहून वरचा दर्जा लिहिलेला पाहावा. घरगुती अंतरांना तेवढे पुरते, कारण त्या प्रघाताची मर्यादा शंभर मीटरची आहे.

वेग स्थिर नसून कधी तीन, कधी नऊ, कधी वीस असा हेलकावे खात असेल, तर संशय हवेवर घ्यावा. वाय-फाय ही सोयीची वस्तू आहे, तिची निंदा मी करणार नाही. पण तिचा स्वभाव ओळखून असावे. तारेवर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलता येते. हवेत तसे नाही. एका वाहिनीवर एका क्षणी एकानेच बोलायचे, बाकीच्यांनी थांबायचे, अशी ती सभा आहे; आणि त्या सभेत शेजाऱ्यांचे राउटरही येऊन बसलेले असतात. २·४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, पहिली, सहावी आणि अकरावी. वीस बिऱ्हाडांच्या इमारतीत वीस राउटर या तीन वाहिन्यांत कोंबलेले असतात, शिवाय मायक्रोवेव्ह भट्टी त्याच पट्ट्यात घोंगावते. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आणि वेगवान आहे, पण भिंतींपुढे तो लवकर नमतो. जुन्या वाड्याच्या जाड भिंतीपलीकडे तर तो जेमतेम पोचतो.

यात आणखी एक मेख आहे. लॅपटॉपही वाय-फायवर आणि सर्व्हरही वाय-फायवर असेल तर फाइल थेट जात नाही. ती हवेतून राउटरकडे जाते आणि राउटरकडून पुन्हा हवेतून सर्व्हरकडे. दोघे एकाच पट्ट्यात असले तर एकच माल त्याच चिंचोळ्या पुलावरून दोनदा न्यावा लागतो, आणि वेग निम्म्यावर येतो. मधे पट्टा वाढवणारा स्वस्त रिपीटर बसवला असेल तर आणखी एक खेप. म्हणून माझा आग्रह असा की, लॅपटॉप फिरता राहिला तरी चालेल, पण सर्व्हरला पाय नाहीत. तो राउटरशेजारी ठेवून तारेनेच जोडावा. एवढ्यानेच पुष्कळ घरांतले दुखणे अर्धे होते.

राउटरच्या खोक्यावरील आकड्यांविषयीही सावध केले पाहिजे. ‘एसी १२००’ असे ठळक लिहिलेले असते. तो आकडा कसा आला? एका पट्ट्याचे ३०० आणि दुसऱ्याचे ८६७ मिळवून बेरीज वर ओढली. एक लॅपटॉप एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, तेव्हा ही बेरीज त्याच्या पदरात कधीच पडत नाही. आणि ८६७ हाही आदर्श परिस्थितीतला वेग, प्रत्यक्षात त्याचा निम्मा मिळाला तरी बरे म्हणावे. दोन भावांचे पगार मिळवून ‘घरातील प्रत्येकास इतके’ असे कोणी सांगितले तर आपण हसू. खोक्यावर छापले की मात्र आपण विश्वास ठेवतो.

आता वेग तीस-चाळीसवर अडला असेल तर? तर बहुधा डिस्क जुन्या तऱ्हेच्या यूएसबी खोबणीत खुपसलेली आहे. यूएसबी २ चा कागदी वेग ४८० मेगाबिट. हातात पडतात तीस ते चाळीस मेगाबाइट. शेजारीच यूएसबी ३ ची खोबण, पुष्कळदा आत निळी जीभ असलेली, रिकामी असते. छोट्या संगणकांत हा प्रकार फार. रास्पबेरी पाय नावाचा इंग्लंडमधील स्वस्त संगणक २०१२ साली आला आणि हौशी लोकांनी त्याचे घरोघर सर्व्हर केले. त्याच्या २०१८ सालच्या ‘थ्री बी प्लस’ या नमुन्यावर गिगाबिटची जोडणी होती खरी, पण ती आतून यूएसबी २ च्या मार्गाने नेलेली असल्यामुळे तीनशे मेगाबिटच्या पुढे जाऊ शकत नव्हती. आणि डिस्कही त्याच मार्गावर. निर्मात्यांनी ही मर्यादा लपवली नव्हती. वाचणाऱ्यांनी मात्र ‘गिगाबिट’ एवढाच शब्द वाचला. २०१९ सालच्या चौथ्या नमुन्यात ही अडचण दूर झाली. तेव्हा त्या जातीचा जुना सर्व्हर घरात असेल तर त्याच्याकडून एकशे दहाची अपेक्षा करणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

काहींचा अनुभव याहून निराळा असतो. आरंभी वेग शंभरावर, सगळे खूश; चार-पाच मिनिटांनी तो वीसवर घसरतो. याचा अर्थ जाळे निर्दोष आहे. आरंभीचा माल सर्व्हर आपल्या स्मृतीत घेत होता. ती भरली आणि डिस्कची खरी चाल उघडी पडली. डिस्क जवळजवळ भरत आलेली असेल, आजारी असेल, किंवा ती कौलारू पद्धतीची असेल. कौलारू म्हणजे काय, ते सांगितलेच पाहिजे. कमी जागेत जास्त मावावे म्हणून काही डिस्कांवर लिखाणाचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवून बसवतात. कौलावर कौल चढवले की मधले एक बदलायला वरची उचलावी लागतात. त्याप्रमाणे येथे एक पट्टा बदलायचा तर शेजारचे कित्येक पुन्हा लिहावे लागतात. थोडे लिहिताना हे जाणवत नाही, सलग पन्नास-साठ गिगाबाइट लिहिताना डिस्क धापा टाकू लागते. २०२० साली असे उघड झाले की, घरगुती सर्व्हरसाठी म्हणून विकलेल्या काही डिस्कही या पद्धतीच्या होत्या आणि खोक्यावर त्याचा उल्लेख नव्हता. तेव्हापासून डिस्क घेण्यापूर्वी तिचा क्रमांक निर्मात्याच्या यादीत पाहून घ्यावा. ‘एसएमआर’ म्हणजे कौलारू, ‘सीएमआर’ म्हणजे साधी.

आणि एक प्रकार असा की, चित्रपट झपाट्याने जातो पण छायाचित्रांचा गठ्ठा सरकत नाही, दोन्हींचे वजन सारखे असूनही. कारखान्याच्या फाटकावर उभे राहून पाहिलेल्यास याचे नवल वाटणार नाही. एका ट्रकात शंभर पोती असतील तर एक गेटपास पुरतो. शंभर माणसे एकेक पोते घेऊन आली तर शंभर गेटपास, शंभर सह्या. प्रत्येक फाइलसाठी सर्व्हरला ‘उघडू का’, ‘जागा दे’, ‘लिहिले’, ‘मिटले’, ‘तारीख अमुक’ असे निरोप द्यावे-घ्यावे लागतात आणि फिरत्या डिस्कचा काटा प्रत्येक वेळी इकडून तिकडे हलतो. वाय-फायवर तर प्रत्येक निरोपाला आणखी उशीर. दहा हजार छायाचित्रे एका झिप फाइलीत बांधून पाठवावीत आणि सर्व्हरवर सोडवून घ्यावीत. फरक डोळ्यांनी दिसतो. लॅपटॉपवरचा विषाणुरक्षक प्रत्येक फाइलची झडती घेत असेल तर तोही एक पहारेकरी धरावा. आणि फायली भरताना घरात कोणी चित्रपट पाहत असेल, व तो संचाला न पेलणाऱ्या स्वरूपात असल्यामुळे सर्व्हर त्याचे चालू-चालू रूपांतर करीत असेल, तर त्याच्या प्रोसेसरला मान वर करायला फुरसत नसते. अशा वेळी वाट पाहणे हाच उपाय.

एवढी लक्षणे सांगितली तरी काही घरांत दोन रोग एकत्र असतात आणि नुसत्या आकड्यावरून निदान होत नाही. तेव्हा साक्षीदारांना वेगवेगळे बसवून विचारावे लागते. ‘आयपर्फ’ नावाचा एक फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. तो सर्व्हरवर आणि लॅपटॉपवर चालवला की दोघांमधला जाळ्याचा वेग तेवढा मोजतो. डिस्कला तो हातच लावत नाही. गिगाबिटच्या धड तारेवर तो ९४० मेगाबिटच्या आसपास दाखवतो, शंभराच्या तारेवर ९४. आकडा ९४० आला आणि फायली तरीही रांगत असतील, तर जाळ्याला सन्मानाने मुक्त करून डिस्कची चौकशी सुरू करावी. डिस्क तपासताना सर्व्हरवरच एक मोठी फाइल लिहववून वेळ मोजावी. मात्र ती फाइल सर्व्हरच्या स्मृतीपेक्षा मोठी असली पाहिजे, नाही तर मोजला जातो तो स्मृतीचा वेग. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. केबल, राउटर आणि डिस्क तिन्ही एकाच संध्याकाळी बदलली तर वेग वाढेल, पण वाढला कशाने ते कोणासच कळणार नाही, आणि दोन निरपराध वस्तूंची किंमत फुकट गेलेली असेल. बदलण्यापूर्वीचा आणि नंतरचा आकडा तारखेसह वहीत लिहावा. आमच्याकडे तोंडी तक्रारीला कोणी विचारीत नाही, ही सवय तिथली आहे.

सगळे दुरुस्त होऊनही पहिली मोठी नक्कल वेळ घेणारच, कारण माल वर्षानुवर्षांचा साचलेला असतो. अशा वेळी फोल्डर माऊसने ओढून टाकण्याची पद्धत गैरसोयीची, कारण रात्री वीज गेली तर कोठवर आले होते याचा पत्ता लागत नाही. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल या गृहस्थांनी १९९२ च्या सुमारास, युनिक्स जातीच्या संगणकांची विंडोजशी फायलींची देवघेव घडवणारा, सांबा हा प्रोग्राम लिहिला; आज पुष्कळशा घरगुती सर्व्हरांत तोच असतो. त्यांनीच पुढे पॉल मॅकेरस यांच्यासह १९९६ साली आरसिंक प्रसिद्ध केला. तो दोन्हीकडच्या याद्या ताडून पाहतो आणि जे पोचलेले नाही किंवा बदलले आहे तेवढेच पाठवतो. मधे खंड पडला तर पुन्हा चालवावा. पोचलेल्या फायली सोडून तो पुढच्यांना लागतो. आमच्या चित्रफिती आम्ही आता अशाच नेतो. मुलाखत घेऊन आलेला कार्यकर्ता फोनमधले चित्रण तारेने लॅपटॉपवर घेतो, लॅपटॉप राउटरशेजारच्या मेजावर ठेवून केबल लावतो आणि जेवायला बसतो. जेवण आटोपेपर्यंत तासाभराचे बोलणे सर्व्हरवर पोचलेले असते. मग तो सर्व्हरवरची प्रत सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी उघडून आवाज ऐकतो, आणि त्यानंतरच फोनमधली फीत पुसतो.